बोट टेकवा, आता पासवर्ड द्या

ऑफिसातली तक्रार बंद होते, किस्सा काही बंद होत नाही. तक्रार सोडवली, सिस्टिममध्ये 'क्लोज' मारलं की ती गेली. पण तिच्या मागे लागून आलेला किस्सा डबा खाताना निघतो, एसटीत निघतो, कुणाच्या लग्नात पंगतीत निघतो, आणि दर वेळी थोडा वाढूनच निघतो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये दिवसभर राहिलं की कपड्यांना कापसाचे तंतू चिकटतात आणि ते घरी गेल्यावर दिसतात, तसंच हे. माझ्याकडे असे इतके साठलेत की आता कुणाला तरी वाटल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी धुळ्याची. नोकरी नरडाण्याच्या एमआयडीसीत, एका कापसाच्या कंपनीत. इथे आमचं जिनिंग आणि तेलाची मिल आहे, दुसरं जिनिंग पहूरला आणि हेड ऑफिस जळगावला. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात! माझं नाव शुभांगी आहे हे मला पगाराच्या स्लिपवर वाचून आठवतं. बाकी सगळ्यांसाठी मी 'कॉम्प्युटरताई'. प्रिंटर अडला की ताई, इंटरनेट गेलं की ताई. चहाचं मशीन बंद पडलं तरी ताई, कारण त्यालाही वायर आहे.

मागे कंपनीने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. कीबोर्डच्या कोपऱ्यात बोट टेकवायचा एक छोटा चौकोन. बोट टेकवलं की लॅपटॉप उघडला! सगळे खूश. पण त्याच सुमारास हेड ऑफिसने कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायला एक वेगळं लॉगिन सॉफ्टवेअर आणलं, आणि ते बोट मानायला तयार नाही. म्हणजे पहिलं दार बोटाने उघडायचं आणि आत पाऊल टाकतो न टाकतो तोच दुसरा दारवान उभा: "पासवर्ड?" दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी चांगली, पण एकमेकांशी अबोला.

मी दोन्हीकडच्या सपोर्टला फोन केले. बोटवाले म्हणाले, नेटवर्कवाल्यांना विचारा. नेटवर्कवाले म्हणाले, बोटवाल्यांना विचारा. एकाने तर फार प्रेमाने विचारलं, "मॅडम, रीस्टार्ट करून पाहिलंत का?"

मी म्हटलं, "कुणाला? तुम्हाला?"

*

पहिला बळी आमचे देवरे साहेब. नरडाण्याच्या प्लँटचे मॅनेजर. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. घरचे सगळे नाशिकला, मुलांच्या शाळेमुळे. साहेब धुळ्यात एकटे खोली घेऊन राहतात आणि डब्यावर जेवतात. कदाचित म्हणूनच ऑफिसात सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात.

नवा लॅपटॉप मिळाला त्या दिवशी साहेबांनी बोट टेकवलं. उघडला. साहेब हसले! साहेब हसले हीच तेव्हा ऑफिसात बातमी झाली. तेवढ्यात नेटवर्कची पासवर्डवाली खिडकी आली. साहेबांनी पुन्हा चौकोनावर बोट टेकवलं. काही नाही. जोरात टेकवलं. काही नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि थेट स्क्रीनवरच्या त्या खिडकीवरच बोट दाबून धरलं!

"मॅडम, हा परत विचारतोय. आत्ता तर ओळखलं होतं!"

"साहेब, तो वेगळा होता. हा वेगळा."

साहेबांनी खिडकीवरचं बोट न काढता माझ्याकडे पाहिलं. "मांडवाच्या दारात नवरीच्या बापाने हात धरून आत नेलं, आणि पंगतीत बसल्यावर वाढप्याने विचारलं, तुम्ही कोणाकडचे? तर उठून जावंसं वाटेल की नाही?"

उठून मात्र ते गेले नाहीत. त्यांनी सर्क्युलर काढलं. प्रत्येकाने आपलं लॉगिन स्वतः करायचं, आपला पासवर्ड कुणाला सांगायचा नाही आणि दुसऱ्याचा टाकायचा नाही. 'स्वतः' या शब्दाखाली रेघ.

*

बोटं नोंदवायला मी पहूरला गेले. तिथे डिस्पॅचला कल्पना अक्का आहेत. कापसाच्या गाठींचा ट्रक अक्कांनी मान हलवल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही, आणि अक्का मान सहसा हलवत नाहीत.

मी म्हटलं, "अक्का, अंगठा टेकवा."

अक्कांनी हात मागे घेतला. "अंगठा नाही लावायची मी."

"अहो, सगळ्यांचाच घेतेय. अंगठा मोठा असतो, पटकन वाचतो."

"आमच्या घरात अंगठा लावणारी शेवटची बाई माझी आई," अक्का म्हणाल्या. "तिने दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून मले शिकवलं. ते कशाले? मी लॅपटॉपपुढे बसून पुन्हा अंगठा लावू म्हणून?"

बोटवाल्या कंपनीच्या सूचनांमध्ये याचं उत्तर नव्हतं. अक्कांनीच मग पहिलं बोट पुढे केलं. "हे घे. पेन याच्यावर टेकतो माझा." मी गुपचूप घेतलं. खरं सांगते, त्या दिवसापासून मी कुणालाच अंगठा मागत नाही.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं आणि हातांवर झुलवत झुलवत रुमालाएवढी वाढवलेली पुरणाची पोळी त्यावर टाकायची. न भाजलेलं बोट त्या दिवशी गावात शोधून सापडत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. बोटाला फोड आलाय, लॅपटॉप ओळख देत नाही.

मी भीत भीत विचारलं, "आता तरी अंगठा?"

मग अक्का म्हणाल्या, "फोड बरा होईपर्यंत दोन्ही दारांवर पासवर्ड टाकीन. डाव्या हाताने टाकीन. अंगठ्याचं पुन्हा विचारू नको."

संध्याकाळी पहूरहून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने माझ्या टेबलावर एक डबा ठेवला. आत घडी घातलेले मांडे. निरोप असा: "ताईले सांग, ज्या बोटाची चौकशी चालली होती, त्याच बोटाने केलेत."

*

हेड ऑफिसला अकाउंट्समध्ये वसंतभाऊ आहेत. रावेरकडचे. घरची केळीची बाग. शनिवारी संध्याकाळी जळगावहून निघायचं, रविवारी बागेत राबायचं आणि सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात हजर.

आणि सोमवारी सकाळी न चुकता मला फोन. "ताई, हे मले वयखत नाही!"

इतर दिवशी बरोबर ओळखतंय, फक्त सोमवारी नाही. मी सेन्सर पुसायला सांगितला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, सगळं करून झालं. शेवटी एका सोमवारी जळगावला गेले आणि त्यांचा हात पाहिला. बोटं काळी! रविवारी घड कापताना केळीचा चीक लागलेला. तो बोटाच्या रेघांमध्ये असा बसतो की साबणाला दाद देत नाही.

"सोपं आहे," मी म्हटलं आणि तेच काळं बोट नव्याने नोंदवलं. उघडला. मी विजयी मुद्रेने नरडाण्याला परत. मंगळवारी फोन! घरी लिंबू चोळून चोळून त्यांनी चीक काढला होता.

"ताई, मले एक सांगा. सोमवारी मी कोन्ही दुसराच असतो का?"

मग दोन्ही नोंदी ठेवायच्या असं ठरलं, चिकाची एक आणि धुतलेली एक. नोंदवलेल्या बोटाला तिथे काहीतरी नाव द्यावं लागतं. लोक 'उजवं', 'डावं' असं देतात. वसंतभाऊंनी एका नोंदीला नाव दिलं 'बागेतला' आणि दुसरीला 'ऑफिसातला'. फार खूश झाले. लॅपटॉप घरी नेऊन वहिनींना दाखवला.

दुसऱ्या दिवशी फोनवर आवाज जरा पडलेला. मी विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?"

"ते म्हने, घरातला कुठी आहे?"

*

आता आमचे रामदास नाना. नरडाण्यात कापूस पारखण्याचं काम नानांचं. गाडी आली की नाना कापूस चिमटीत ओढून बघतात, प्रत ठरवतात आणि ती प्रत स्वतःच्या लॉगिनने सिस्टिममध्ये मंजूर करतात. नानांनी मंजूर केल्याशिवाय कापूस आत जात नाही. स्टँडर्ड मराठी नाना फक्त हेड ऑफिसच्या फोनवर बोलतात, बाकी सगळा कारभार अहिराणीत. मला 'बेन', म्हणजे बहीण, म्हणतात.

दसऱ्याला मशिनरीची पूजा करायची ती नानांनीच. लॅपटॉप आले त्या वर्षी तेही टेबलावर ओळीने मांडले होते. नानांनी एकेकाला झेंडूचं फूल वाहिलं, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. प्रसाद वाटला. सुट्टी.

सुट्टीनंतर एकाही लॅपटॉपला एकाही माणसाची ओळख पटेना! मी येऊन बघते तर प्रत्येक लॅपटॉपच्या बोट टेकवायच्या चौकोनावर बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा. ओल्या बोटाने लावलेला, वाळून घट्ट बसलेला.

"नाना! एवढा मोठा लॅपटॉप. नेमका इथंच का?"

नाना माझ्याकडे आश्चर्यानेच बघत राहिले. "बेन, हाई ज्याले त्याले वळखस ना? मंग हाईच त्यानं कपाय शे! टिळा आखो कथा लावतस?"

दिवसभर मी स्पिरिट घेऊन कपाळं पुसत बसले. कापूस मात्र कमी पडला नाही.

*

पुढच्या पावसाळ्यात नाना तापाने पडले. ताप मेंदूत गेला. धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले, आणि एक वेळ अशी होती की ऑफिसात कुणी नानांचं नाव काढलं की सगळे खाली मान घालायचे. पण नाना उठले! मात्र दोन्ही हात थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, औषधं कमी होतील तशी थरथरही कमी होईल, पण कधी ते सांगता येत नाही.

सीझनच्या तोंडावर नाना कामावर आले. सोबत सुमनकाकू, त्यांच्या मंडळी. काकू त्यांना हाताला धरून आणायच्या आणि खिडकीजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. नानांची पारख तशीच होती, जीभ तशीच होती. अडलं ते पासवर्डपाशी. थरथरत्या बोटाने एकच अक्षर दोनदा पडायचं. तिथे दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे कुठे चुकलं ते कळत नाही. थोड्या वेळा चुकलं की नेटवर्क लॉक. मी उघडून द्यायची, परत लॉक.

नाना हसून म्हणायचे, "डोकं नीट शे बेन. बोटेच नाचतस."

देवरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, खरेदी सुरू होईल तोवर नानांना स्वतः लॉगिन करता आलं पाहिजे. त्यांच्या नावाने दुसऱ्याने मंजुरी दिलेली चालणार नाही. जमलं तर उत्तम. नाहीतर नानांना घरी विश्रांती देऊ."

विश्रांती म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. गेलेला माणूस परत येत नाही. आणि केबिनची भिंत प्लायवूडची.

मी बाहेर आले तर नाना माझ्या टेबलाशी उभे. "बेन, माले घर नका बसाडा," ते हळू आवाजात म्हणाले. "घर बसीसन मी दिवसभर काय देखू? मना हातच?"

मी उगाच प्रिंटरचा कागद बदलायला गेले. त्या दिवसापासून नाना साहेबांशी कामापुरतं बोलायला लागले. सकाळचा रामराम ते केबिनच्या बंद दाराला घालायचे.

*

मग मीही हट्टालाच पेटले. आता ही दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलली पाहिजेत म्हणजे पाहिजेत! माझ्या लॅपटॉपवर सगळे प्रयोग केले. बोटवालं आधी टाकलं तर नेटवर्कवालं येऊन त्याला लपवून टाकायचं. दोन्ही काढली, उलट क्रमाने टाकली. आधी नेटवर्क, मग बोट. आता बोटवाल्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा पासवर्ड एकदाच सांगून ठेवायची जागा दिसली. म्हणजे बोट पटलं की त्याने तो पासवर्ड आपणहून दुसऱ्या दाराला द्यायचा आणि आपल्याला थेट आत घ्यायचं. माझ्या लॅपटॉपवर चाललं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता नानांचा लॅपटॉप. तिथे एकदा तरी पासवर्ड टाकणं आलंच, आणि तो नानांनीच टाकायचा. सुदैवाने या जागी टाकलेली अक्षरं डोळ्यांना दिसायची सोय होती. चुकलं की नाना दुरुस्त करू शकणार. पण मग आजूबाजूच्यांनाही दिसणार!

साहेब हजर होते. म्हणाले, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

केलं. मी भिंतीकडे, साहेब स्वतः भिंतीकडे, चहा घेऊन आलेला माणूस ट्रेसकट भिंतीकडे.

"काकू, तुम्हीसुद्धा," साहेब भिंतीला उद्देशून म्हणाले.

"मी? मी त्यास्नी बायको शे!"

"नियम म्हणजे नियम."

काकू उठल्या आणि भिंतीकडे वळल्या. "इतला वरीस संसार करा, आते म्हने भिंतकडे तोंड कर!"

नाना सावकाश एकेक अक्षर शोधत होते. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "चुकनं... परत..." आम्ही सगळे भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे बघत उभे. चहा पार गार झाला. शेवटी नाना म्हणाले, "झायं. वळा आते!"

मग बोटाची नोंद. बोट टेकवायचं, उचलायचं, परत टेकवायचं. पण क्षणभर तरी स्थिर राहायला हवं, आणि नानांचं बोट चौकोनावर थांबेच ना. डावं नाही, उजवं नाही. चौकोन लाल होऊन राहिला. नाना घामाघूम. मी हळूच साहेबांकडे पाहिलं, ते घड्याळाकडे बघत होते.

काकू पुढे आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी नानांचं मनगट धरलं आणि बोट चौकोनावर टेकवलं. हिरवं! परत टेकवलं. हिरवं!

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लगनमा बी असाच धरा व्हता हात. तवय बी असाच कापे!"

नाना लाजले. एवढ्या आजारपणानंतर माणूस लाजतो, किती छान दिसतं ते.

लॅपटॉप बंद करून पहिल्यांदा चालू केला. काकूंनी मनगट धरलं, नानांनी बोट टेकवलं. पहिलं दार उघडलं. आम्ही सगळे श्वास रोखून दुसऱ्या दारवानाची वाट बघतोय, आता मागेल, आता मागेल. त्याने काही मागितलंच नाही! समोर कापसाच्या मंजुरीचा स्क्रीन.

"बस? इतलंच?" नाना म्हणाले.

पण साहेबांचा चेहरा अजून तसाच. स्वतः लॉगिन झालं की नाही? काकूंनी मनगट अजून सोडलेलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "बोट कोणाचं?"

मी म्हटलं, "नानांचं."

"मनगट कोणी धरायचं याबद्दल सर्क्युलरमध्ये काही नाही," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले.

*

खरेदी सुरू झाली. रोज सकाळी काकूंनी मनगट धरायचं, दुपारी काकू घरी गेल्यावर लॅपटॉप लॉक झाला की मी. थंडीच्या दिवसांत नानांच्या दोंडाईच्याच्या लेकीला मुलगी झाली. काकूंना जाणं भागच होतं. जाताना मला म्हणाल्या, "पोरी, सकायले बी तूच धर आते."

मी हो म्हटलं, आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी पहूरचं नेटवर्क बसलं. भल्या पहाटे मला तिकडे पळावं लागलं. ऑफिस सुरू व्हायची वेळ झाली. कापसाच्या गाड्या फाटकाशी, नाना लॅपटॉपपुढे, आणि हात धरायला कुणी नाही. मी तिथूनच नानांना फोन लावला.

"नाना, लॉगिन कसं करणार तुम्ही?"

"झायं ना बेन. काम चालू शे."

"झालं? हात कुणी धरला?"

नाना आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "साहेबनी."

माझ्या हातून फोन पडायचाच राहिला!

दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. साहेब केबिनमधून आले, खुर्ची ओढली, नानांच्या शेजारी बसले आणि मनगट धरलं. नाना लॅपटॉपकडे बघतायत, साहेब भिंतीकडे. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. लॉगिन झालं, साहेब उठून गेले. मी धरते म्हणून दोनदा पुढे झाले, पण साहेबांनी हातानेच मला बसवलं.

काही दिवसांनी नाना बोलले. मनगट साहेबांच्या हातात, आणि नाना लॅपटॉपला विचारल्यासारखे विचारतायत, "रातले जेवनात का काही?"

"डबा येतो, नाना."

"डबानं जेवन काय जेवन शे!"

मग हे रोजचंच झालं. लॉगिन व्हायला लागतो क्षणभर, साहेब बसायचे चांगला वेळ. मुलांचे फोन येतात का, झोप लागते का, पाठ दुखते त्याला काय लावता. साहेब उत्तरं द्यायचे! आम्हाला तोवर साहेबांना पाठ आहे हेही माहीत नव्हतं. पुढे नानांच्या पिशवीत एक जास्तीची भाकरी आणि ठेच्याची पुडी यायला लागली.

काकू नातीचं बारसं उरकून परत आल्या. सकाळी दारात उभ्या राहिल्या. आत नाना, शेजारी साहेब, साहेबांच्या हातात नानांचं मनगट, आणि नाना त्यांना उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी कशी थापायची ते समजावतायत. काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनं काम गयं वो पोरी!"

आणि बाकावर न बसता, पदराने डोळे टिपत, पण हसतच घरी गेल्या.

*

हे शेवटचं मी अजून ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

उन्हाळा लागला होता. गाड्या कमी झाल्या होत्या. दुपारी सगळे नळावर डबे धुवायला गेले होते आणि मी नानांच्या टेबलामागे जमिनीवर बसून एक वायर बदलत होते. नाना आले, खुर्चीत बसले. मी टेबलाआड आहे हे त्यांना दिसलं नाही. लॅपटॉप लॉक झालेला. आता हाक मारतील म्हणून मी उठायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत दुपारी त्यांची हाक आलेलीच नाही.

नानांनी हात पुढे केला. एकट्याने. बोट चौकोनावर टेकवलं. बोट जराही हललं नाही. हिरवं. दोन्ही दारं उघडली, आणि नाना शांतपणे काम करायला लागले.

मला इतका आनंद झाला की मी तशीच, हातात वायर घेऊन उभी राहिले. "नाना! हात!"

नाना दचकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो हळूच टेबलाखाली घेतला.

"बेन," ते म्हणाले, "साहेबले सांगू नको."

मी मान हलवली.

संध्याकाळी निघताना देवरे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रिंटरच्या टोनरबद्दल काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं, पण साहेबांचं लक्ष नव्हतं. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. दार लावून घ्या."

मी दार लावलं.

"नानांचा हात बरा झालाय."

मी गप्प. एक शब्द नाही! दुपारीच वचन दिलेलं.

"होळीच्या आधीपासूनच," साहेब म्हणाले. "रोज मनगट माझ्या हातात असतं. मला कळणार नाही का?" ते टेबलावरचा पेन उगाच सरळ करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नानांना काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर बसून होते. साहेब केबिनमधून बाहेर आले, खुर्ची ओढली आणि बसले. नानांनी हात पुढे केला.

हात अगदी व्यवस्थित थरथरत होता.